एकतीस पावलं

उणे बावन्न.
सोडलेला श्वास गोठून कानाशी सरसरतो.
सलाईनच्या पिशव्या मी कोटाच्या आत, पोटाशी धरून चालते,
नाहीतर वाटेतच त्यांचा दगड व्हायचा.

रात्री प्रोकोपी म्हाताऱ्याच्या सुनेचा फोन आला,
"तुयारा, बाबांचं काहीतरी फिरलंय.
मला मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारतात,
घोडा आत घ्या म्हणतात, थंडीत उभा आहे तो.
घोडा विकून अकरा वर्षं झाली."
वय झालं, म्हणतायत सगळे.

दाराबाहेर फळ्यांवर बर्फाच्या लाद्या,
नोव्हेंबरात तळ्यावरून कापून आणलेल्या,
निळ्या, आरपार.
तहान लागल्यावर विहीर खणणारी माणसं इथली नव्हेत,
इथं सहा महिने आधी
तळंच कापून दारात रचून ठेवतात.
मी मोजल्या. चाळीसच्या वर.
पाण्याला तोटा नाही
आणि आत माणूस वाळत चाललेला.

हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरली, सोडली.
ती तशीच उभी,
खाली बसायचं विसरलेली.
जीभ म्हणजे वाळलं चामडं.
नाडी धावतेय कुणी मागे लागल्यासारखी.
लघवी? म्हातारा भिंतीकडे बघतो.
सार्दाना म्हणते, "कमीच. आणि चहासारखी."

थंडीत तहान लागत नाही,
हे मी दर हिवाळ्यात दारोदार सांगत फिरते.
घाम दिसत नाही म्हणून पाणी जात नाही असं नाही,
श्वासाश्वासाला अंगातलं पाणी बाहेर पडतं
आणि पापण्यांवर पांढरं होऊन बसतं.
उतारवयात तर शरीर हाकच द्यायला विसरतं.
हो हो, म्हणतात लोक, आणि मला चहा देतात.

पण इथं कुठेतरी पाणी मुरत होतं.

टोपी अडकवायच्या शिंगाला मी सलाईन टांगलं.
थेंब मोजत बसले. दुपार झाली, अंधारही झाला.
म्हाताऱ्याची नजर हळूहळू माझ्यावर येऊन ठरली.
सार्दाना बर्फ फोडायला बाहेर गेली,
तेव्हा मी स्टूल पुढे ओढलं.
"आजोबा, प्यायचं विसरता, की टाळता?"

बराच वेळ भट्टीतलं लाकूड तेवढं बोललं.

"इथून परसाकडे एकतीस पावलं," ते म्हणाले.
"रात्रीत तीनदा.
गेल्या साली सोळाव्या पावलाला पडलो.
तिनंच उचललं. कपडे बदलले.
एक शब्द बोलली नाही गं ती."
मग थोड्या वेळानं,
"प्यायलंच नाही तर जावं लागत नाही."

हिशोब चोख होता.
आठ पेले प्या, म्हणून मी जो कागद वाटते,
त्यात ही एकतीस पावलं कुणी धरली नव्हती.
मीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मी बादली घेऊन गेले.
इनॅमलची, झाकणाची, कडेला निळी फुलं.
"ही तान्ह्या पोरांची सोय," म्हातारा गुरगुरला.
"माझ्या आईची आहे," मी म्हटलं.
"शेवटची दोन वर्षं तीही रात्री पाणी प्यायची नाही.
मला वाटायचं, तिला नकोच असतं.
बादली घेतली, तोवर उशीर झाला होता."

ते काही बोलले नाहीत.
सार्दानानं खाटेपाशी पडदा लावला,
उगाचच मोठ्यानं रेडिओ लावला.

आठवड्यानं गेले, तर म्हातारा स्वतः
बर्फाचे तुकडे पातेल्यात टाकत बसलेला.
कातडी चिमटीत धरली, सोडली. बसली.
"घोडा कुठाय, आजोबा?"
"विकला की! वेड लागलंय का तुला?"
मग ओगराळं भरून घेतलं, घटाघटा प्यायले,
ओठ पुसले, तोंड वाकडं केलं.
"हे पलीकडच्या तळ्याचं आहे.
दर वर्षी सांगतो, आपल्या तळ्याचं कापा.
ऐकतंय कोण?"
आणि पुन्हा ओगराळं बुडवलं.